शेजाऱ्यांना विचारून घेतलेलं घर

मी इंग्लंडमध्ये घर घेतलं, हे मला मान वर करून सांगायला आवडतं. माहेरी मसुऱ्याला सुट्टीत आले की मात्र कोणी ते धड सांगू देत नाही. शेजारची काकी पहिला प्रश्न विचारते, "परडा केवडा आसा?" मी दोन्ही हात पसरून परसाची रुंदी दाखवते. "आणि भिंती?" पुढची आमची, मागची आमची. उजवीकडची अर्धी एका म्हाताऱ्याची, डावीकडची अर्धी दुसऱ्या बिऱ्हाडाची. मग ती तोंडाला पदर लावून हसते. "मगे तुजा काय गो? मदली हवा?"

हसू दे. काकीच्या घरापासून पुढच्या घरापर्यंत जेवढ्या जागेत नारळीपोफळी आहेत, तेवढ्यात लेस्टरला आमची अख्खी आळी मावते. लाल विटांची घरं, एकाला एक चिकटून, दार उघडलं की थेट फुटपाथवर पाय. मालवणच्या बाजारपेठेत दुकानं जशी खांद्याला खांदा लावून उभी असतात तशीच, फक्त तिकडे दुकानाच्या जागी माणसं राहतात. समोर पोलंडहून आलेलं कुटुंब, कोपऱ्यावर गुजराती काकांचं दुकान, त्याच्या वरच्या मजल्यावर विद्यार्थ्यांचा घोळका. कोण शिंकलं, कोणाचं भांडण झालं, कोणाकडे पाहुणे आलेत, सगळं भिंतीतून कळतं. मी सुका बांगडा भाजला की संध्याकाळपर्यंत आळीत सगळ्यांना माहीत असतं. सुरुवातीला मला त्याची लाज वाटायची. मग एकदा पोलंडवालीने थांबवून विचारलं की तो कुठला मासा होता, आणि तिला तो कुठे मिळेल. त्या दिवसापासून मी खिडकी बंद करायचं सोडून दिलं.

मी तिथल्या एका इस्पितळात रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. नवरा आरोंद्याचा, खाडीकाठचा, कधीच न रागावणारा माणूस. घरात रागवायचं सगळं काम माझ्याकडे आहे. त्या आळीत आम्ही बरीच वर्षं भाड्याने राहत होतो. मुलगी तिथेच रांगली, तिथल्याच शाळेत जायला लागली. आणि एक दिवस घरमालक आला, चहा प्यायला आणि म्हणाला की मुलाचं लग्न ठरलंय, घर त्याला हवं आहे, तुम्ही सवडीने दुसरीकडे बघा. सवडीने म्हणजे नाताळच्या आत.

भाड्याची मोकळी घरं सगळी शहराबाहेर होती. आळी सुटणार, मुलीची शाळा सुटणार, आणि पुन्हा कोणीतरी एक दिवस चहा पिऊन उठायला सांगणार. मी नवऱ्याला त्याच संध्याकाळी सांगितलं, आता घ्यायचं ते विकत, आणि याच आळीत. तो म्हणाला, "बगूया." आरोंद्याची माणसं सगळ्यालाच बगूया म्हणतात.

बघितलं. दोनदा तोंडघशी पडलो. तिकडे विकणारा हो म्हणतो, हात मिळवतो, शुभेच्छाही देतो, आणि चार आठवड्यांनी दुसऱ्याला विकतो. कायद्याने त्यात काही चूक नाही. शेवटचे करार होईपर्यंत त्या होकाराला काडीची किंमत नसते. पहिल्या वेळी मी रडले. दुसऱ्या वेळी एजंटला फोनवर असं काही बोलले की नवऱ्याने माझ्या हातून फोन काढून घेतला.

अशात आईबाबा आले. बाबा निवृत्त शिक्षक. मसुऱ्याच्या आसपासच्या शाळांत आयुष्य गेलं, आणि उरलेलं आयुष्य एका पायवाटेपायी गेलं. आमच्या काजूच्या बागेत जायची वाट चुलत्याच्या जमिनीतून होती. पणजोबांच्या काळापासूनची वहिवाट. चुलत्याने एका सकाळी तिथे चिऱ्यांचा गडगा घातला आणि वाट बंद केली. तेव्हापासून बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, पिशवीत डबा घेऊन, ओरोसच्या सरकारी कचेऱ्यांमध्ये शुद्ध मराठीत बोलायला जात राहिले. निकाल त्यांच्या बाजूने लागला तोवर त्यांचे केस पांढरे झाले होते. त्यामुळे त्यांच्या लेखी जगातल्या कुठल्याही जमिनीबद्दल विचारण्यासारखा प्रश्न एकच आहे: वाट कोणाची?

ते आले त्याच आठवड्यात आमच्याच आळीत, आमच्यापासून काही दारं सोडून, एक घर विकायला निघालं. मालकीण एक म्हातारी, नवरा गेलेला. तिला समुद्राकाठी मुलीकडे राहायला जायचं होतं, तेही नाताळच्या आत. मला वाटलं, हे घर माझंच आहे. कोट चढवून सगळ्यांना घेऊन मी बघायला गेले.

बघायला आलेल्यांची रांग दारापासून फुटपाथवर गेली होती. एजंट पोरगेला, चकचकीत बुटांचा, हातातल्या घड्याळाकडे बघत एकेकाला आत सोडत होता. आमची पाळी आली. मी स्वयंपाकघर बघितलं, आई चुलीची जागा बघत होती, नवरा छताला ओल आहे का ते बघत होता. बाबा सरळ मागच्या अंगणात गेले. अंगणात एक भलीमोठी लाकडी शेड होती, हिरवा रंग उडालेली, जाळीच्या खिडक्यांची. बाबांनी शेजारच्या घराच्या अंगणात डोकावून पाहिलं. मधल्या कुंपणाला एक फाटक होतं, आणि त्या फाटकासमोर बरोबर ती शेड.

"गो, हेका इचार," बाबा मला म्हणाले, "ही वाट कोणाची?"

मी विचारलं. एजंटने शेडकडे असं बघितलं जणू ती आत्ताच उगवली. म्हणाला, वकील बघतील.

बाहेर आल्यावर त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं की इच्छुक बरेच आहेत, तेव्हा तुम्हाला घर किती आवडलंय ते कोणाला कळू देऊ नका. मी मान डोलावली. दोनदा पोळल्यावर मला एवढं शहाणपण आलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं कामावर गेलो. संध्याकाळी परत आले तर फुटपाथवर पोलंडवाली उभी. "अभिनंदन!" ती म्हणाली. "घर घेताय ना? माझी काही हरकत नाही." मी थांबले. दोन पावलांवर गुजराती काका. "बेन, आमची बी ना नथी," असं म्हणून त्यांनी माझ्या मुलीच्या हातात चॉकलेट ठेवलं. वरच्या खिडकीतून एका विद्यार्थ्याने अंगठा दाखवला. त्याच्या तोंडात काहीतरी कुडुमकुडुम वाजत होतं.

खाजा होता तो. मालवणी खाजा, आल्याच्या गुळात घोळलेला, आईने माझ्यासाठी गावच्या जत्रेतून आणलेला.

तर झालं असं. आमच्याकडे जमीन घेणारा माणूस आधी लगतदारांच्या, म्हणजे शेजारच्या जमिनीवाल्यांच्या, घरी जातो. काहीतरी गोडधोड घेऊन, ओटीवर बसून, सरळ विचारतो, मी हे घेतोय, तुमची काही हरकत? लगतदारांनी हरकत घेतली तर शहाणा माणूस ती जमीन सोडून देतो. बाबांनी तेच केलं. आईला नऊवारी नेसवून, खाज्याची पिशवी हातात देऊन, ते सकाळी आळीच्या एका टोकाला सुरू झाले आणि दुपारी दुसऱ्या टोकाला पोचले. प्रत्येक दारात, शाळेतल्या पुस्तकासारख्या इंग्रजीत, "माझी कन्या हे घर खरेदी करू इच्छिते. आपली काही हरकत आहे काय?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बाबा, हंय असा कोण करीत नाय! सगळ्या आळीक कळला आता. त्या म्हातारेक पण कळला असतला. ती आता किंमत वाडवतली!"

"मगे शेजाऱ्याक न इचारता घेतंस?" बाबा खुर्चीत शांत बसले होते. "उद्या त्येना गडगो घातल्यान तर?"

"हंय गडगे घालनत नाय!"

"घातल्यानी हत," ते म्हणाले. "एकान हरकत घेतल्यान. माका लय बरा वाटला."

हरकत घेणारा म्हणजे म्हातारीच्या लगतचा शेजारी. मोज्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, एकटा राहणारा, आळीत खडूस म्हणून प्रसिद्ध. इतकी वर्षं आम्ही तिथे राहिलो, पण त्याने कधी हवापाण्यापलीकडे एक शब्द काढला नव्हता. बाबांनी हरकत आहे काय विचारल्यावर तो मोठ्याने म्हणाला, "आहे!" आणि दार सताड उघडून त्या दोघांना आत घेतलं.

त्याची गोष्ट ऐकताना बाबा त्याच्या कोचाच्या काठावर बसून पुढे पुढे सरकत गेले, असं आईने नंतर सांगितलं. त्या रांगेतल्या घरांना मागे रस्ता नाही. शेजाऱ्याचा कचऱ्याचा डबा म्हातारीच्या अंगणातून, तिच्या वरच्या खोलीखालून काढलेल्या बोळातून, पुढच्या रस्त्यावर यायचा. घरं बांधली तेव्हापासूनची वाट. म्हातारीच्या नवऱ्याला शर्यतीची कबुतरं पाळायचा नाद लागला, आणि त्याने त्या वाटेवर कबुतरांची शेड उभी केली. दोघं पुरुष भांडले. नवरा गेला, कबुतरं गेली, शेड राहिली, आणि अबोलाही राहिला. तेव्हापासून दर आठवड्याला हा गृहस्थ कचऱ्याचा डबा स्वयंपाकघरातून, बैठकीच्या खोलीतून, गालिच्यावरून ओढत पुढच्या दाराने बाहेर नेत होता.

बाबांनी त्याचा हात धरला. म्हणाले, घर आमचं झालं तर शेड जाईल. मी शब्द देतो.

"कोणाक इचारून दिलात शब्द?" मी ओरडले. पलीकडच्या भिंतीवर कोणीतरी ठकठक केलं. "घर आमचा नाय, शेड आमची नाय, आणि तुमी वाट वाटून मोकळे!"

"तुज्या बापाशीक सांगून काय उपेग नाय," आई म्हणाली. "तू हात धुव आणि जेव."

मी जेवले नाही. मला बाबांचा राग आलाच होता, पण त्याहून जास्त भीती वाटत होती. हे तिसरं घर होतं, आणि या आळीत चौथं निघणार नव्हतं.

तरी आम्ही आमचा आकडा एजंटला कळवला. तीनचार दिवसांनी त्याचा फोन आला. दुसऱ्या एकाने आमच्यापेक्षा जास्त देऊ केलं आहे. तो माणूस घरं विकत घेऊन त्यांच्या खोल्या पाडून भाड्याने देतो. मागच्या अंगणातही तो आणखी खोल्या बांधणार होता. म्हणजे ती वाट कायमची बुजणार. "फक्त एक अडचण आहे," एजंट म्हणाला. "शेजाऱ्याशी वाटेवरून वाद आहे. इथल्या नियमाप्रमाणे विकणाऱ्याला वाद लपवता येत नाही. तो मिटवा असं त्याचा वकील म्हणतोय. मिटला की व्यवहार त्याच्याशी होईल. तुम्ही दुसरं बघायला हरकत नाही."

हरकत नाही! तो शब्द त्याने उच्चारला आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी प्रयोगशाळेतला पांढरा कोट काढला, बस पकडली आणि थेट म्हातारीच्या दारात जाऊन उभी राहिले. तिकडे घेणाऱ्याने विकणाऱ्याच्या दारात जायचं नसतं. सगळं एजंटमार्फत. पण माझ्या आईवडिलांनी तो नियम आधीच आळीभर खाज्यासकट वाटून टाकला होता, आता माझं काय जायचं राहिलं होतं?

तिने दार उघडलं. मी एका दमात सगळं सांगितलं. मला तुमचं घर हवं आहे. माझी मुलगी या आळीत वाढली. जास्त पैसे आमच्याकडे नाहीत. आणि माझ्या वडिलांनी तुमच्या शेजाऱ्याला शब्द दिलाय की आम्ही तुमच्या नवऱ्याची शेड पाडू. हे तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा मी सांगितलेलं बरं.

शेवटचं वाक्य बोलताना मला कळत होतं की आपण स्वतःच्या हाताने घर घालवतोय. नवऱ्याची आठवण कोण पाडू देईल? पण बाबांनी शब्द दिलेला होता, आणि खोटं बोलून घेतलेल्या घरात मला झोप लागली नसती.

म्हातारीने वळून मागच्या अंगणाकडे बघितलं. मग म्हणाली, "मला त्या कबुतरांचा भयंकर वैताग होता."

"काय?"

"सगळे कपडे घाण करायची. तो गेला त्याच महिन्यात मी शेड काढणार होते. पण हा," तिने भिंतीकडे बोट दाखवलं, "शेड काढा म्हणून माझ्या नवऱ्यावर ओरडला होता. मग मी कशी काढू? त्याला वाटलं असतं मी हरले."

मला हसू फुटलं. अगदी मसुऱ्याची बाई होती ती. आमच्याकडच्या अर्ध्या गडग्यांच्या मागे दुसरं कुठलंही कारण नाही. तीही हसायला लागली, आणि हसता हसता दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात भिंतीपलीकडून दार वाजलं. त्या घरांत सगळं ऐकू जातं, हे मी रागात विसरलेच होते. शेजारी फुटपाथवर आला, टोपी हातात घेऊन. तिच्या दारात तो इतक्या वर्षांनी उभा होता.

"मी तुझ्यावर कधी ओरडलो नव्हतो," तो तिला म्हणाला. "त्याच्यावर ओरडलो होतो."

"तो माझा नवरा होता," ती म्हणाली.

"हो. ते माझं चुकलं."

पुढचं मला शिवरायांच्या किल्ल्यावर भगवा चढताना बघावं तसं आठवतं. तो म्हणाला, हे लोक घेणार असतील तर माझा वाद मिटला, तसं मी वकिलाला लिहून देतो. खोल्या पाडणारा घेणार असेल तर मी शेवटपर्यंत भांडेन, आणि तू नाताळ काय, पुढचे दोन नाताळ इथेच काढशील. म्हातारीने माझ्यासमोर एजंटला फोन लावला. तो जास्त पैशांचं काहीतरी सांगत होता. ती त्याला म्हणाली, "पोरा, मला मुलीकडे जायचंय, श्रीमंत व्हायला नाही." आणि फोन ठेवला.

मी घरी धावत गेले. फुटपाथवरून, कामाच्या बुटांत, कोणाची पर्वा न करता. बाबा खिडकीत बसून चहा पीत होते. मी त्यांच्या गळ्यात पडले तेव्हा अर्धा चहा त्यांच्या शर्टावर सांडला. "गावला, बाबा, गावला!" मी ओरडत होते. ते म्हणाले, "मगे? हरकत घेणारो माणूस चांगलो असता. तो वाटेत तरी भेटता." एजंटने संध्याकाळी फोन करून मला विचारलं की तुम्ही नेमकं केलंत काय. मी म्हटलं, शेजाऱ्यांना विचारलं. त्याला ते कळलं नाही आणि मी समजावत बसले नाही.

करार झाले, किल्ल्या मिळाल्या, तेव्हा आईबाबांच्या परतीला थोडेच दिवस उरले होते. पहिल्याच शनिवारी शेड पाडली. पहिला घाव नवऱ्याने घातला, तोही बगूया न म्हणता. शेजाऱ्याने घरून हातोडा आणला होता. फळ्या निघाल्या, जाळी निघाली, खाली दगडी फरशीची वाट तशीच होती, मधोमध चालून झिजलेली. शेजारी आत गेला आणि कचऱ्याचा डबा घेऊन आला. फाटक उघडलं. डबा खडखडत आमच्या अंगणातून, बोळातून, रस्त्यावर गेला, आणि पोलंडच्या कुटुंबाने पालखी निघाल्यासारख्या टाळ्या वाजवल्या. तो डबा रिकामा होता, हे मी बघितलं होतं.

मग बाबांनी सगळ्यांना दारात उभं केलं. म्हातारीही मुलीच्या गाडीतून मुद्दाम आली होती. नारळ गुजराती काकांनी दिला. बाबांनी डोक्याला टोपी घातली, नारळ हातात धरला आणि गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. आमच्याकडे कुठलंही काम सुरू करताना देवापुढे असं मागणं मागतात, आणि प्रत्येक मागण्यावर जमलेल्यांनी साथ द्यायची असते. साथीचे शब्द मी आळीला फुटपाथवरच शिकवले होते. पोरं ते केव्हापासून घोकत होती.

"बा देवा म्हाराजा!" बाबांचा आवाज वर्गात असायचा तसा, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा.

"होय म्हाराजा!" पोलंड, गुजरात, लेस्टर, सगळे वेगवेगळ्या सुरांत.

"ह्या जाग्याचो जो कोण राखणदार आसात, तेचा नाव आमका ठावक नाय. पण तू हंय आसस, ह्या आमका म्हायत आसा!"

"होय म्हाराजा!"

"शेजाराशेजारात माया ऱ्हवांदे. कोणाच्या मनात वाकडा असात तर ता सरळ कर!"

"होय म्हाराजा!" यात सगळ्यात मोठा आवाज हातोडा घेतलेल्या म्हाताऱ्याचा होता.

मग बाबांनी नारळ कपाळाला लावला आणि लेकीसाठी मागितलं. "आणि माज्या चेडवाक हंय परक्या वाटाक देव नको, रे म्हाराजा!"

सगळे ओरडले. माझं एकटीचं ओरडायचं राहून गेलं, मी रुमाल शोधत होते. बाबांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं, वर्गात उत्तर न देणाऱ्या पोरीकडे बघावं तसं. ते नारळ न फोडता वाट बघत राहिले. मी नाक पुसलं, श्वास घेतला आणि त्या आळीतल्या सगळ्या भिंतींना ऐकू जाईल असं ओरडले, "होय म्हाराजा!"